६९९ रुपयांचं किट आणि दादरचा वाळा

मी डोंबिवलीत घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. एका वेळी गिऱ्हाइकांच्या पंधरा-वीस साड्या माझ्या लोखंडी कपाटात असतात. घर तळमजल्यावर, आणि कपाटामागची भिंत नेमकी पावसाच्या तोंडाची. जूनच्या मध्याला कपाटातून कुबट वास सुरू व्हायचा तो नवरात्रापर्यंत हटायचा नाही. गेल्या वर्षी एका बाईंनी तयार झालेली साडी घडीसकट नाकाशी नेली आणि विचारलं, "ताई, पाऊस आत येतो का हो तुमच्याकडे?" विचारलं हसूनच, पण लागायचं ते लागलं.

डांबराच्या गोळ्या मी त्याआधीच बंद केल्या होत्या. बहिणीच्या मुलीला बाळ झालं तेव्हा घरातली मऊ जुनी दुपटी धुऊन पाठवणार होते. तिच्या डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं, डांबरगोळ्यांत ठेवलेलं काहीही बाळाच्या अंगाला लावायचं नाही. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ वाढते म्हणे. माझ्याकडे साड्यांबरोबर बारशाची झबलीटोपडीही शिवायला येतात. त्या दिवशी सगळ्या गोळ्या गोळा करून टाकून दिल्या.

मग राहिलं काय? तर मोबाइल. रात्री अकरा वाजता शोधाशोध करून 'सुगंधी पिशव्या घरीच बनवा' असं एक किट मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी किटं विकणारे पुष्कळ आहेत आणि मी एकच वापरलंय, एकालाच फटके कशाला.

किटमध्ये होतं ते असं: ऑर्गंझाच्या ८ पिशव्या, ५० ग्रॅम सुकं लॅव्हेंडर, १० मिली सुगंधी तेल, सॅटिनच्या फिती आणि सूचनांचा कागद. कागदावर मराठीतही लिहिलं होतं, त्याचं पहिलं वाक्य: "आपल्या ड्रॉवरला प्रेमाने वास द्या." म्हटलं, बाई गं, ते काम आमची भिंत फुकटात करतेच आहे.

कृती सोपी. लॅव्हेंडर आणि तांदूळ निम्मे-निम्मे घ्यायचे, तेलाचे आठ-दहा थेंब टाकून कालवायचे, पिशवीत भरून फीत बांधायची. अर्ध्या तासात आठही पिशव्या झाल्या. दिसायला देखण्या, एवढं मान्य करते. पहिले पंधरा दिवस वासही छान आला. शेजारच्या वहिनी फोटो काढून घेऊन गेल्या.

पण लॅव्हेंडर हाताळताना माझी बोटं जांभळी झाली होती. तेव्हा दुर्लक्ष केलं, नंतर उरलेली चिमूटभर फुलं ओल्या कापसावर घासून पाहिली तर कापूस जांभळा. सुकलेलं लॅव्हेंडर एवढं गडद नसतं, करड्याकडे झुकतं. हे मला आता कळतं, कारण वहिनींचा मुलगा जम्मूकडे फिरायला गेला तेव्हा भदरवाहचं लॅव्हेंडर घेऊन आला. तिकडे आता त्याची शेती होते. ती मूठभर फुलं दिसायला अगदी मळकट, पण दोन बोटांत चुरडली की वास उसळून येतो आणि पाच महिने झाले तरी येतोय. किटातलं चुरडलं तर गवत. म्हणजे पंधरा दिवस जो वास येत होता तो सगळा त्या बाटलीचा.

आणि त्या बाटलीनेच घात केला. एक पिशवी मी वरच्या कप्प्यात साड्यांच्या थप्पीवर ठेवली होती. सगळ्यात वर एका काकूंची मोतिया रंगाची सिल्क, भाचीच्या साखरपुड्याला नेसायची, फॉल लावून तयार. न्यायला आल्या त्या दिवशी घडी उचलली तर मध्यावर दहाच्या नाण्याएवढा तेलाचा डाग. जाळीची पिशवी, आतलं तेल खाली उतरलं. आणखी काय होणार होतं? शिवणकाम करणारीला एवढं कळू नये! रात्रभर डागावर टाल्कम पावडर थापून ठेवली, सकाळी ब्रशने झटकली, डाग निम्मा झाला. उरलेल्यासाठी ड्रायक्लीनवाल्याला ३५० रुपये मोजले. तरी उजेडात तिरकी धरली की सावली दिसतेच. काकूंचा चांगुलपणा असा, की म्हणाल्या, "जाऊ दे गं, तिथे निऱ्याच येतात, आत जाईल तो." मी त्यांच्याकडून फॉलचे पैसे घेतले नाहीत. म्हणजे किट मला ६९९ ला नाही, सव्वा हजारापर्यंत पडलं.

तांदळाचं तर सांगायलाच नको. ऑगस्टमध्ये ब्लाउजपीसच्या कप्प्यात पोरकिडे फिरताना दिसले. कपाटात धान्य ठेवल्यावर दुसरं काय होणार? आठही पिशव्या उसवून तांदूळ कबुतरांपुढेही टाकला नाही, तेलाचा होता म्हणून. सरळ कचऱ्यात. किटला पाचपैकी दीड तारा. एक पिशव्यांच्या दिसण्याला आणि अर्धा त्या पहिल्या वाक्याला, त्यावर आम्ही अजून हसतो.

अस्तराचं कापड घ्यायला मी महिन्यातून एकदा दादरला जाते. रानडे रोडच्या बाजूला एका गल्लीत काष्ठौषधींचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उडालेली, ती वाचायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. दिवाळीच्या उटण्याचं सामान तिथूनच आणते एवढीच ओळख. भिंतभर पत्र्याचे डबे, पुढे गोणपाटाची तोंडं उलटून ठेवलेली पोती, आणि आत शिरताच सगळ्याचा मिळून एकच वास. मी म्हटलं, "काका, उटण्याचंच सामान द्या, पण न दळलेलं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अंगाला लावायचंय की कपाटात ठेवायचंय?"

कपाटात म्हटल्यावर त्यांनी डब्यांतली पूड बाजूला सारली आणि पोत्यांकडे वळले. म्हणाले, "पूड म्हणजे वास निघून गेलेला माल, ताई. कपाटाला अख्खं घ्या, घरी कुटा." मग कापूरकचरीची एक चकती काढून माझ्यासमोर मोडली. कडेला तांबूस साल, आत पांढरीशुभ्र, आणि मोडल्याबरोबर कापरासारखा गार वास. "आत पिवळी निघाली तर घेऊ नका. बारीक भोकं दिसली तरी घेऊ नका, आत किडा असतो." एवढं सांगून गिऱ्हाइकाच्या हाती माल देणारं दुकान ऑनलाइन कुठे सापडायचं?

माझं बिल असं झालं. वाळा १०० ग्रॅम ११० रुपये, कापूरकचरी १०० ग्रॅम ६०, नागरमोथा १०० ग्रॅम ४०, वेखंड ५० ग्रॅम ४०, लवंग २५ ग्रॅम ४०. दवण्याच्या दोन जुड्या फुलबाजारातून ४० ला. सगळे मिळून ३३०. त्यात माझ्या १४ पिशव्या झाल्या, म्हणजे एक साडेतेवीस रुपयांना. किटातली एक सत्त्याऐंशीला पडली होती. कापड माझ्याकडे अस्तराच्या तुकड्यांचं, ते मी हिशेबात धरत नाही. जटामांसीही मागितली होती. काकांनी दाखवली, वास मातीचा आणि खोल, पण भाव ऐकून मी हात मागे घेतला. ती हिमालयातून येते आणि जंगलातून उपटून उपटून आता दुर्मीळ झाली आहे. कपाटासाठी काय ती हवी! नागरमोथ्यावर माझं भागतं.

आता करायची पद्धत, चुकांसकट.

वाळ्याच्या मुळांत माती असते. मी पाण्यात एकदा हलवून काढला आणि दोन दिवस कडकडीत उन्हात टाकला. मग मिक्सरमध्ये घातला. ही पहिली चूक. वाळ्याचे तंतू पात्याला असे गुंडाळले गेले की उलथन्याच्या दांड्याने ओढून काढावे लागले. वाळा कात्रीनेच कापायचा, अर्ध्या इंचाचे तुकडे. पण कात्री जुनी घ्या. मी घाईत कापडाची घेतली, आणि त्यानंतर तिने शिफॉनला दात लावायला सुरुवात केली. धार लावायला पाठवली तेव्हा धारवाला विचारत होता, "वहिनी, हिने दोरखंड कापला का?"

कचरी, नागरमोथा, वेखंड आणि लवंगा खलबत्त्यात. रव्याएवढं बारीक नाही, ज्वारीच्या दाण्याएवढं भरड. बारीक केलं तर दोन गोष्टी होतात. पूड मलमलीतून झिरपून कपड्यांवर बसते, आणि वास पहिल्याच महिन्यात उडून जातो. भरड ठेवलं की प्रत्येक तुकड्याच्या पोटात थोडा वास शिल्लक राहतो. दोन महिन्यांनी वास मंदावला की पिशवी मुठीत घेऊन जोरात दाबायची. आत करकर आवाज येतो, तुकडे मोडतात आणि वास परत येतो. किटात ही सोय नव्हती. तेल एकदा उडालं की उडालं.

दवणा मात्र उन्हात सुकवायचा नाही. सावलीत, उलटा टांगून, आठवडाभर. माझी पहिली जुडी मी वाळ्याबरोबरच उन्हात टाकली होती. संध्याकाळी हातात आलं ते वाळलेलं तण. दुसरी जुडी स्वयंपाकघराच्या खिळ्याला लटकवली, ती सुकल्यावर ओल्यापेक्षा गोड झाली.

हे सगळं एकत्र करून लगेच भरू नका. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दहा दिवस ठेवा, रोज एकदा हलवा. पहिल्या दिवशी झाकण उघडलं तर लवंग वेगळी, वेखंड वेगळा, सगळे आपापल्या जागी भांडत बसलेले. दहाव्या दिवशी एकच वास येतो आणि त्यात कोण कुठे ते सांगता येत नाही. लोणच्याला मुरू देतो तसं यालाही मुरू द्यायला लागतं.

कापडाबद्दल माझ्याकडे थोडं जास्त बोलण्यासारखं आहे. ऑर्गंझा दिसायला छान, पण तिच्यातून कचरा गळतो आणि तिची टोकदार कड नाजूक सिल्कला ओढते. खणाच्या तुकड्यांच्या केल्या तेव्हा फोटो सुंदर आले. पण खणाची वीण घट्ट, वास आतल्या आत राहिला. मांजरपाट जाड पडतो. सगळ्यात चांगली पांढरी सुती मलमल, एकदा धुतलेली, म्हणजे तिची खळ गेलेली असते. साडेतीन बाय साडेचार इंचाची पिशवी, तीन बाजूंना दुहेरी शिवण. तोंडाला शिवण न घालता पिकोचा दोरा ओवून घट्ट आवळायचं, पुढच्या वर्षी उसवायला सोपं जातं. रंगीत कापड वापरलंच तर आधी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग जातो का पाहा. दुसऱ्याची पांढरी साडी असते.

पण सगळ्यात आधी करायचं काम मी सगळ्यात शेवटी केलं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. मागे पाहिलं तर पत्र्यावर हिरवी-काळी बुरशी, हाताच्या पंजाएवढे ठिपके. सगळं रिकामं केलं, पुसलं, दिवसभर पंखा लावून वाळवलं. खालच्या कप्प्यात ओल शोषणारी एक डबी ठेवली, तिच्यात महिन्याभरात पेलाभर पाणी साचलं. हे न करता नुसत्या पिशव्या ठेवल्या असत्या तर आंघोळ टाळून अत्तर चोपडल्यासारखं झालं असतं. किटाला मी एवढ्या शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर निम्मा दोष त्या भिंतीचा होता.

या गोष्टीला आता एक वर्ष होत आलं. यंदाचा पावसाळा या पिशव्यांवर गेला. वाळ्याची गंमत अशी की हवा दमट झाली की त्याचा वास वाढतो. उन्हाळ्यात मंद होता, आणि जुलैत पहिली झड लागली त्या दिवशी कपाट उघडलं तर माठातल्या पाण्यासारखा गार वास आला. मात्र पिशवी स्वतः ओलावली तर तिलाही बुरशी येईल, म्हणून पंधरा दिवसांनी बाहेर काढते. ऊन नसतं, तर मी इस्त्री बंद केली की तिच्या उबेला जरा अंतरावर दहा मिनिटं ठेवते. इस्त्रीची जाड घोंगडी गरम असते, तेवढं पुरतं.

साड्यांना थेट लागू देत नाही. डागाचा धडा घेतलाय. इथे तेल नाही, तरी वेखंड-लवंगेचा काय भरवसा. पिशव्या हँगरच्या दांडीला आणि कप्प्याच्या कोपऱ्यांत. जरीवर तर कधीच नाही.

तक्रारी आहेतच. पहिली माझ्या नवऱ्याची. कचरी, नागरमोथा, वाळा म्हणजे उटण्याचंच घराणं. ते म्हणतात, "कपाट उघडलं की नरकचतुर्दशी. आता फटाके तेवढे वाजव." सासूबाईंची तक्रार वेखंडाची. पहिल्या वेळी मी ५० ग्रॅमच्या ५० ग्रॅम घातला होता. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "कोण बाळंत झालंय गं?" बाळाच्या न्हाणीचा, धुरीचा, बाळंतिणीच्या खोलीचा वास. दुसऱ्या वेळी मी १५ ग्रॅमवर आले. वेखंड पूर्ण काढू नका, किड्यांना तो आवडत नाही. पण नुसती चुणूक राहू द्या.

दुसरी तक्रार, कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड. या पिशव्यांनी कसर मरत नाही. दूर राहत असेल, पण आत आधीच असेल तर ती लवंगेला भीक घालत नाही. माझ्या सासऱ्यांच्या लोकरी शालीला तीन भोकं पडली, पिशवी शेजारी असताना. लोकरीला वर्षातून दोनदा ऊन आणि ब्रश, आणि मग बंद सुती पिशवी, याला पर्याय नाही. कोणी 'नैसर्गिक आहे, सगळे किडे पळतात' म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

तिसरी, दुकानाची. दुसऱ्या खेपेला आणलेल्या कापूरकचरीत घरी आल्यावर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिवळसर भुगा निघाला. काकांनीच शिकवलेलं, म्हणून बघितलं. परत घेऊन गेले तर त्यांनी पोतं हलवून पाहिलं, मला नव्या गोणीतली दिली आणि ती जुनी गोणी आत पाठवली. वाद नाही. पण डोंबिवली ते दादर दोन खेपा माझ्या झाल्या, आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असतं हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं. शटरसमोर तासभर उभी होते. लवंग सोडली तर सुट्टं ५० ग्रॅमच्या खाली ते देत नाहीत, तेही लक्षात ठेवा. दुकानाला साडेचार तारे. अर्धा त्या तासाचा कापला.

माझ्या पिशव्यांना मी चार देईन. पाचवा तारा आईकडे आहे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे सुरंगी फुलते, आई तिचे वळेसर, म्हणजे गजरे, करून सुकवते आणि गाववाल्यांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवते. गेल्या खेपेला मी फोनवर विचारलं, थोडी ओलसर आहेत, तशीच भरू का? तर म्हणाली, "नीट सुकव गो, नायतर बुरो येतलो." एक वळेसर माझ्या स्वतःच्या कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या कप्प्यात. रंग चहासारखा झाला, फुलं हात लावला तर तुटतात, पण कागद उघडला की अजून आमच्या मागच्या अंगणात उभं राहिल्यासारखं होतं. ती मी मिसळत नाही आणि गिऱ्हाइकांच्या कप्प्यात ठेवतही नाही.

आता त्या 'पाऊस आत येतो का' वाल्या बाईंची गोष्ट. गेल्या महिन्यात त्या साडी न्यायला आल्या, पुन्हा घडी नाकाशी नेली. मी शिलाई थांबवून बघत राहिले. म्हणाल्या, "हे काय घातलंयस गं? मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळीस करून दे." ४० रुपयांना एक ठरली. त्यांना खणाच्याच हव्या आहेत, हिरव्या आणि लाल. खणातून वास कमी येईल हे मी आधीच सांगितलंय, म्हणून आता मागची बाजू मलमलीची करणार आहे. त्यासाठी वाळा ३०० ग्रॅम लागेल. मंगळवारी दादरला जाईन, चार वाजल्यानंतर.